सातव्याचा आधार

३ मार्च, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि खिडकीजवळचं टेबल मिळालं! आमचा प्रोग्रॅम जगभर फुकट वाटला जातो. शेकडो लोक हौसेनं तो लिहितात, आम्ही नऊजण पगारी, त्यांचा पसारा आवरतो. तो सात ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायला हवा, म्हणून मागच्या खोलीत सात यंत्रं मांडलीत. कुणी एक ओळ बदलली की सातही यंत्रं ती तपासतात आणि भिंतीवरच्या पडद्यावर सात निकाल उमटतात : पास, पास, पास. सहाजणांचं चार मिनिटांत आटपतं. सातव्याला चाळीस लागतात. त्याची सिस्टिम इतकी जुनी की ती बनवणारी कंपनीही बुडाली. यंत्रं सांभाळणाऱ्याला सगळे दाढी म्हणतात. त्याला विचारलं, हे धूड अजून का पोसताय? म्हणाला, सातव्यासाठीच्या ओळी सांभाळणारा एक माणूस आहे, दूर कुठेतरी, घरूनच सगळं बघतो. एक माणूस! मला हसू आवरेना.

६ मार्च, गुरुवार
आमच्या प्रमुखांनी, म्हणजे बाईंनी, मला सफाईचं काम दिलंय. मी सगळ्यांना कळवलं : सातवी सिस्टिम काढतेय, हरकत असेल तर आठवड्यात सांगा. हरकत एकाचीच, त्या घरबशा महाशयांची. चार ओळींचं पत्र, त्यात शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. मी लिहिलं, एका माणसाच्या हौसेपायी बाकीच्यांनी का ताटकळायचं? उत्तर दुसऱ्या दिवशी येईल म्हणाला दाढी, त्याला टाइप करायला वेळ लागतो. वा! वेगही सातव्यासारखाच.

७ मार्च, शुक्रवार
आलं उत्तर. ‘हौस नाही. मला लागते.’ बस्स. कशाला लागते, ते सांगायचे कष्ट कोण घेणार? दाढी म्हणतो, चौदा वर्षांत या माणसानं एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळलं नाही. म्हटलं, मग करा सत्कार आणि बसवा घरी. घरीच असतो म्हणा.

१४ मार्च, शुक्रवार
काढली! अकरा हजार ओळी एका फटक्यात. माळा झाडल्यासारखं वाटलं. दाढीनं तोंड पाडून सातवं यंत्र अडगळीच्या खोलीत नेलं, वायर गुंडाळून ठेवली. पडद्यावर आता सहाच ओळी. किती सुटसुटीत.

१९ मार्च, बुधवार
आता त्याच्या बहिणीचं पत्र. भाऊ अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेला, श्वास मशीनवर, टाइप करतो तो डोळ्यांच्या हालचालीनं. श्वास मंदावला की वाजणारा गजर त्यानं स्वतःच त्या जुन्या सिस्टिमवर, आमच्याच प्रोग्रॅममधून बसवलाय. आमची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि गजर सुरूच होईना. ‘या सिस्टिमला आता आधार नाही’ एवढंच लिहून येतं.
आडमुठ्या माणसांना आजारपणं बरी सुचतात. दाढी फोन करू या म्हणून मागे लागला. मी म्हटलं, काही नको. जुनी आवृत्ती परत कशी बसवायची ते पान तिला पाठवलंय, वाचेल.

२१ मार्च, शुक्रवार
बहिणीची दोनच वाक्यं. ‘गजर वाजला नाही. मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.’
बाईंनी केबिनचं दार लावून घेतलंय. दाढी माझ्याकडे बघत नाही. मी आठवड्याची मुदत दिली होती. लेखी दिली होती. आता माझ्या नावानं खडे फोडा.

२४ मार्च, सोमवार
पडद्यावर सात ओळी. सातवीत पास नाही, नुसता आकडा : १४. थोड्या वेळानं १३. दाढीला सगळ्यांदेखत झापलं, मेलेल्याच्या नावानं असले पोरकट खेळ! तो मला हाताला धरून अडगळीत घेऊन गेला. यंत्र तसंच होतं. वायर गुंडाळलेली. मी वरून हात ठेवला.
उबदार.

२५ मार्च, मंगळवार
१२. बाईंनी पडदा बंद करवला. आकडा माझ्या फोनवर येतो. दाढी म्हणतो, तो गजर असाच मोजायचा : मिनिटाला किती श्वास. त्याचे कुठले आता? मूर्ख.

२६ मार्च, बुधवार
चहा घेताना नवरा म्हणाला, बोलता बोलता मध्येच थांबतेस, दम लागल्यासारखी. घड्याळ लावून मोजलं. दहा. फोन पाहिला —
दहा.

२७ मार्च
अकरा हजार ओळी परत घातल्या. नामंजूर. पुन्हा घातल्या. कारण एकच येतं : सांभाळणारा माणूस नाही. मी आहे, लिहिलं. मी सांभाळते — पुन्हा तेच.
८.

दुपार
डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. विश्रांती घ्या. काय कळतं यांना —
त्याच्या बहिणीला फोन केला. तिनं उचलला. माझा नुसता श्वासच तिकडे गेला. ती ऐकत राहिली, बराच वेळ, सवय असल्यासारखी. मग हळूच म्हणाली, “जवळ कुणी आहे का तुमच्या?”
नवरा बाहेर —
५
४
मोजायचं नाही. मोजलं नाही तर — आत घे. आत घे. आता सोड, आता पुन्हा आ