चिमूटभर काळी पूड

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. बाबांच्या सायकल दुकानात आज नेहमीचाच माल आला. टायर बारा, ट्यूब वीस, हमाली धरून सहा हजार नऊशे. हिशेब मी लिहिते, म्हणून वेष्टनावरचं बारीक अक्षरही मीच वाचते. रबरात ग्राफीन! तुझाच ना तो कार्बन, ज्याच्यापायी तू दुकान सोडलंस, पेपरात फोटो आला, आकाशापर्यंत दोर लावणार म्हणालास? बाबा तेव्हा म्हणाले होते, तो कार्बन कुणाच्या उपयोगी पडेल तेव्हाच उंबरा चढ. आणि आता हाच टायर विकताना तेच गिऱ्हाइकांना सांगतात, असा टायर जन्मात पाहिला नाही, काट्यालाही दाद देत नाही! तू मात्र मूग गिळून बसलास. आईची नजर अधू होत चाललीय रे. तिला तुझा चेहरा दिसतोय तोवर ये. पूजा करूनही माझा राग उतरलेला नाही.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र कान धरून उभ्यानं वाचलं. हो, ते आमचंच. टायरात जायला लागून चार वर्षं झाली. पण एका टायरात चिमूटभर काळी पूड, बस. फोन तापू नये म्हणून त्याच्या पाठीत, लोखंड गंजू नये म्हणून रंगात, असं कुठं कुठं शिरलंय. नाव कुणी घेत नाही. आकाशाला दोर लावायला निघालो आणि पंक्चरवर येऊन थांबलो. एवढ्याशा भांडवलावर बाबांपुढे उभं राहू? हसतील. त्यांना सांगू नकोस. रागातही लोभ राहू दे.

तुझा धाकटा

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सांगितलं! लपवून देवाला तोंड कसं दाखवू? आणि एवढंसं म्हणे. भाजीत मीठही मी चिमूटभरच घालते. मी ते घालायला विसरले की तुम्ही बापलेक ताट सरकवता.

बाबांनी त्यातलाच एक जुना, वापरलेला टायर उभा चिरला, चष्मा लावून आत पाहिलं आणि विचारलं, यातलं त्याचं कुठलं? मी म्हटलं, सगळीकडेच आहे. संध्याकाळी माझ्यावरच ओरडले, की टायर मधे झिजत नाही पण कडेला चिरतो, त्या शहाण्याला म्हणावं इथं येऊन डोळ्यांनी बघ.

याला तक्रार समजून कागदावर उत्तर धाडलंस तर माझ्याशी गाठ आहे. तो चिरलेला टायर त्यांनी भंगारात टाकला नाही, गल्ल्यामागे टांगलाय. आई आत्तापासून दाराकडे तोंड करून बसते. कोणत्या गाडीनं येतोस ते उलट टपाली कळव.

तुझी अजून रागावलेली ताई