शेकाच्या दिवशीची गाडी

सोमवार, २ डिसेंबर १९८५
आज गाडीने धरलंच नाही! सेल्फ मारला की दोनदा फुरफुरते आणि बंद. अकरा वेळा! शेवटी ढकलून सुरू केली. नाक्यापर्यंत गचके देत गेली. इंजिन तापलं आणि मग अशी चालली, जणू काही झालंच नव्हतं.
नागपूरला पोहोचायला साडेअकरा. शेकाच्या मशीनवर नाव अकराच्या आत लावावं लागतं. खिडकीवरचा म्हणाला, "आता बुधवारी या." ह्यांच्या घशातल्या कॅन्सरच्या गाठीला रेडिएशनचे पंचवीस शेक सांगितलेत — सोम, बुध, शुक्र. खंड पडला तर उपयोग नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. बसच्या गर्दीत ह्यांना बसवत नाही. गाडीपायी एक शेक गेला.

मंगळवार, ३
शाळेत गाडीनेच गेले. पहिल्या सेल्फला सुरू. कमाल आहे!

बुधवार, ४
पुन्हा तेच. रस्त्यात वेळ भरून काढला म्हणून नाव लागलं.
ह्यांना विचारलं. बस डेपोत एकतीस वर्षं हेड मिस्त्री. ही गाडी भंगारातून ह्यांनीच उभी केली, मला चालवायलाही ह्यांनीच शिकवलं. आता डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज तर गेलाच. पाटीवर लिहिलं — पॉइंट घास. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून घासले.
शेजारच्या चंद्रकलाबाई कुंपणावरून — "मॅडम, तुमच्या गाडीले बी खोकला झाला काय!" मी बॉनेट आपटलं. हे मात्र हसले. आवाज न होणारं हसू.

शुक्रवार, ६
पॉइंट साफ, प्लग नवे. तरी तेच! पाटीवर — पेट्रोलमध्ये पाणी असेल. टाकी रिकामी केली, नवं भरलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चूक सापडते. मुलींना गणितात हेच सांगत आले.
संध्याकाळी विहारात वंदना. हे आले नाहीत. आजवर सहा डिसेंबर कधी चुकवला नव्हता.

सोमवार, ९
सोळा वेळा सेल्फ. बॅटरी बसली. दुसरा शेक बुडाला.

बुधवार, ११
रडतखडत पोहोचलो. ह्यांना आता पाण्याचा घोटही आगीसारखा लागतो. गार केलेला चहा तेवढा चमच्याने जातो. परतताना पाटी पुढे केली — किती राहिले? चौदा, म्हटलं. लिहिलं — पुरे.
मी म्हटलं, "नखरे नकोत." हेडमास्तरीण बोलली! ह्यांनी बाहीने पाटी पुसली.

शुक्रवार, १३
गाडी कशीबशी गेली. हे आत असताना डॉक्टरांना गाठलं. "गाठ आहे तेवढीच आहे, मॅडम. कोर्स तेवढा पुरा करू." पुढचा केसपेपर ओढला.
गाडीत ह्यांना सांगितलं — फरक पडतोय म्हणाले. ह्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. पाटी मांडीवर कोरीच.

शनिवार, १४
गाडी घेऊन पांढुर्ण्याला, देवीदासकडे. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. "काकू, गाडी तर मस्त चालून राहिली!" गरम इंजिनात दोष दिसणार कसा? म्हटलं, "आज इथेच ठेव. पहाटे थंड असताना बघ." बसने परत आले.

रविवार, १५
सकाळी पुन्हा पांढुर्ण्याला. देवीदास कौतुकाने सांगत होता — "एका सेल्फात, काकू! एवढ्या थंडीत!" मग बॉनेट उघडून चोकची तार दाखवली. कार्बोरेटरवर ती एका बारीक स्क्रूने आवळलेली असते. तो ढिला असला की चोकची मूठ ओढली तरी आत काही लागत नाही; थंड गाडी धरतच नाही, तापली की चालते. स्क्रू आता पक्का होता. पण डोक्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे. आणि आट्यांत सुताचा दोरा.
"हा दोरा उस्तादाचा. हादऱ्यानं ढिला नाही पडला पाहिजे म्हणून ते गुंडाळते. डेपोत दुसरं कोणीच नाही करत. पण आठ दिवसांत तेलानं काळा पडते, काकू. हा तर पांढराफेक! उस्ताद अजून हात घालते काय गाडीत?"
"ते उठून बसतात तेच खूप आहे," मी म्हटलं.
त्याने बॉनेट लावलं. पैसे घेतले नाहीत. "उस्तादाले नमस्कार सांगजा."

घरी येऊन ही वही मागे चाळली. दोन, चार, सहा, नऊ, अकरा, तेरा. एकूणएक शेकाचे दिवस. मधल्या दिवशी शाळेत जाताना एकदाही त्रास नाही! शेकाच्या सकाळी ढिला करायचा, परत आल्यावर माझी पाठ वळली की पुन्हा आवळायचा. आणि आवळताना नवा दोरा — कच्चं काम ह्यांना खपणारच नाही. मला पॉइंट घासायला लावले, टाकी रिकामी करायला लावली!
तोंडाने सांगता येत नव्हतं. पाटीवर सांगितलं, ते मी नखरे म्हणून पुसायला लावलं.
विचारलं नाही. उद्या सोमवार.

सोमवार, १६
ह्यांच्याआधी उठले. बॉनेट उघडलं, दोरा काढला, चोकचा स्क्रू मीच ढिला केला. पेचकस ह्यांना दिसेल असा ओट्यावर ठेवला. शेकाचा कागद कपाटात ठेवून दिला, मग चहा टाकला. ह्यांचा गार करायला ठेवलाय.