डाव्या हाताचं बोट

पूनम सागर, मीरा रोड
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय संजना,

सप्रेम आठवण. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुझ्या चाळीस वर्षांच्या छापचित्रांच्या प्रदर्शनाचं निमंत्रण मिळालं, सोबत कॅटलॉगही. शनिवारी तुझ्याविषयी दोन गोड शब्द बोलायला फोनवर मी लगेच हो म्हटलं. "शालू, तू नाहीस तर कोण बोलणार?" म्हणालीस. खरंच, कोण बोलणार?

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आपल्याला एका बाकावर बसू देत नसत, तरी माझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी तूच संपवायचीस. पुढे कलाशाळेत लाकूड कोरायला मी तुला शिकवलं. तुझा अंगठा कापला तेव्हा माझा रुमाल बांधला. तो तू परत दिला नाहीस, मीही मागितला नाही. फार गोड दिवस होते ते.

कॅटलॉगचं पान अकरा. 'मिठागरातला माणूस', तुझं पहिलं बक्षीस. खाली तू लिहिलंयस, "भाईंदरच्या मिठागरात या म्हाताऱ्याला समोर बसवून मी रेखाटलं. उजव्या हाताचं तुटकं बोट तो सारखा लपवत होता."

संजना, ते माझे बाबा. त्यांचं बोट डाव्या हाताचं तुटलं होतं.

लाकडावर चित्र उलटं कोरावं लागतं, कारण कागदावर ते उलटून येतं. बाबांचा हात कोरताना मी तेच विसरले, आणि छापात तुटकं बोट उजव्या हाताला आलं. पहिल्या वर्षाच्या मुलीची चूक. तू बाबांना कधी पाहिलं नाहीस. आमच्या घराला खारट वास येतो म्हणत यायचं टाळायचीस. म्हणून माझी चूक तुला खरी वाटली.

आई आजारी पडली तेव्हा तो लाकडी ठसा मी तुझ्याकडे दिला, छापून ठेव म्हणून. तू छापलास, खाली पेन्सिलीने स्वतःचं नाव घातलंस. मग माझ्या गळ्यात पडून रडलीस, बक्षीस नसतं तर घरचे लग्न लावून देणार होते म्हणून. मी गप्प बसले. तू देशोदेशी गेलीस, मी शाळेत चित्रकला शिकवली. एवढं मी माफही केलं असतं.

पण बाबांनी पेपरात ते चित्र पाहिलं. हसले. "गो शालन, बोट भलत्याच हाताचं तोरलंस." मग चष्मा लावून खाली शोधत राहिले. "तुजं नाव कुठं हाय?"

पेपरवाले गाळतात, मी म्हटलं. शेवटच्या आजारातही त्यांनी विचारलं, आणि मी तेच सांगितलं. हे लिहायचं नव्हतं मला. बाबांशी आयुष्यात एकच खोटं बोलले, ते तुझ्यासाठी.

शनिवारी माझ्या पिशवीत तो ठसा असेल. "आता याचा काय उपयोग" म्हणत तूच परत दिला होतास. सोबत बाबांचा फोटो, दोन्ही हात दिसणारा. आधी पान अकरा वाचून दाखवेन, तुझ्याच शब्दांत. मग फोटो पहिल्या रांगेत देईन, पुढे फिरवा म्हणेन. आवाज चढवणार नाही, सिस्टरांनी तेवढं शिकवलंय.

हे पत्र तुझ्या पुण्याच्या पत्त्यावर टाकतेय. तू प्रदर्शनासाठी मुंबईत आहेस, परतशील तेव्हा दाराशी मिळेल. त्या दिवशी फोन करायला कुणी उरलं नाही असं वाटलं, तरी मला करू नकोस.

तुझ्यावर फार जीव होता,
शालन नाथा म्हात्रे