बारावं नाव

सोम., ३ नोव्हें.
प्रॅक्टिसनंतर सरांनी थांबवलं. बास्केटबॉलच्या राज्य स्पर्धेसाठी अकरा नावं नक्की. बारावं पॉइंट गार्डचं, मी नाहीतर श्रेया. "नीलम, तूच दोघींचं लिहून दे. खरं खरं."
मी: वय ३६. नजर शाबूत, फ्री थ्रो अजून चुकत नाही. पाय संपले.
श्रेया: १९, तुळिंजची, पहिलंच वर्ष. डावा हात उजव्याइतकाच चालतो. सुटली की हाती लागत नाही. पास उशिरा देते. शिकेल.
कागद दिला नाही.

बुध., ५
वन-ऑन-वन. तीनदा बाजूने निघून गेली. चौथ्यांदा मी तिचा टी-शर्ट धरला. मी! पंधरा वर्षं कॅप्टन. सरांनी शिट्टी वाजवली नाही. दया केली माझ्यावर. तेच जास्त लागलं.

गुरु., ६
चेंजिंग रूममध्ये श्रेया नी-कॅप काढत होती. डावा गुडघा सुजलेला. हात लावून पाहिला, नडगी पुढे सरकते. लिगामेंट फाटलंय. एकविसाव्या वर्षी माझाही असाच. तसाच फायनल खेळले, जिंकलो. तेव्हापासून जिना तिरकी होऊन, कठडा धरून उतरते.
"कधीपासून?"
"गणपतीपासून. ताई, सरांना नका ना सांगू. पप्पा बोलले, ह्या वर्षी सिलेक्शन नाही झालं तर गेम बंद."

शनि., ८
वसई रोडला डॉक्टरांची वेळ घेतली होती तिच्यासाठी. तासभर थांबले. आली नाही. फोन केला तर म्हणाली, "तुम्हाला माझी जागा पाहिजे, म्हणून चाललंय ना हे सगळं?"
नाही म्हणायला हवं होतं. फोन ठेवून दिला. कारण परवा ती सूज पाहिली तेव्हा, क्षणभर का होईना, मला बरं वाटलं होतं.

रवि., ९
उमेळ्याला आईकडे. वाडीत केळीची पानं कापत होती. सगळं सांगितलं. कापलेली पानं एकावर एक रचली. मग म्हणाली, "तुझ्या वेळी मला कुणी सांगितलं असतं, तर खाटेला बांधून ठेवलं असतं तुला."

मंगळ., ११
सरांना सांगितलं. तिचा गुडघा गेलाय, नेऊ नका. माझंही नाव घालू नका.
"माहितेय मला." अगदी शांतपणे. "चार मॅच निघतील. बर्फ लाव म्हणावं."
"आणि नंतर?"
"तुझ्या वेळीही माहीत होतं, नीलम."
तशीच निघाले. शूज कोर्टवरच राहिले. आणायला गेले नाही.

गुरु., १३
यादी लागली. बारावी श्रेया. गाडी शनिवारी सकाळी सहाला.
ऑफिसातून थेट तुळिंजला, तिच्या घरी. दार आईने उघडलं. "या ना, श्रेया सारखं तुमचंच सांगत असते." पप्पा कामावर. पाणी आणायला श्रेयाच उठली. स्वयंपाकघरापर्यंत सरळ चालत गेली, माझ्यासमोर, मुद्दाम. ओठ दाबून.
"ताई बेस्ट ऑफ लक द्यायला आल्यात," तीच म्हणाली.
मी म्हटलं, हो.
आईने पेढा दिला. खाल्ला. निघताना त्यांचा नंबर घेतला. श्रेया दारात उभी राहून बघत होती.
अजून फोन लावला नाही. उद्याचा एक दिवस आहे.