थॅड की क्विल

हार्पर्स बेंड, अलाबामा
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय व्हर्डी,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

इकडचं ठीक चाललंय. चर्चच्या छपराचं काम एकदाचं सुरू झालं. टॉलिव्हरबाई काठी टेकत का होईना, पण गायनाला येऊन उभ्या राहतात. परसात कोलार्डची पालेभाजी चांगली आलीय, पण अजून कडसर लागते. एखादी कडक थंडी पडल्याशिवाय तिला गोडी यायची नाही.

लेमार्कस न्हाव्याच्या दुकानात मात्र दुसरा विषय नाही. अर्धे थॅडचे, अर्धे क्विलचे. फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी धरून पळणारे पोरगे देशात हजार असतील, पण या वर्षी टीव्हीवाले दोघांचीच तुलना करत बसलेत, आणि ते दोघेही आपल्याच घरचे. माझा थॅड मॅकअल्पिन विद्यापीठाचा, तुझा क्विल कूसा स्टेटचा. परवा दुकानावरून जाताना मी ऐकलं. म्हातारा ऑर्विल म्हणत होता, "क्विलला खाली पाडायला तीन जण लागतात, तीन!" तर लेमार्कस वस्तरा हवेत धरून म्हणाला, "आणि थॅडला हात लावायला तरी कुणी सापडतं का, ते सांग आधी!"

पूर्वी मी आत जाऊन हसले असते. हल्ली नाही जात.

टीव्हीवाल्या मुलीसमोर तू जे बोललीस, ते मी विसरले आहे. "माझा मुलगा माणसांमधून जातो, बहिणीचा मुलगा माणसांना वळसा घालून जातो." विसरले म्हटलं ना. बोलण्याच्या भरात माणूस बोलून जातो.

आता थॅडचं. तुला कळलंच असेल. महिना होत आला, त्याला खेळवत नाहीत. संघाच्या डॉक्टरांनी एके दिवशी अचानक बाजूला घेतलं, डोळे तपासले, डोक्याचे फोटो काढले आणि त्याला बाकावर बसवलं. तोवर तुझा क्विल दर शनिवारी पळतोय, आणि सगळ्या याद्यांत त्याचं नाव वर चढतंय. चढू दे. भाचा आहे तो माझा, मांडीवर खेळलाय.

पण एक गोष्ट मनातून जात नाही, व्हर्डी. डॉक्टरांना कसं कळलं? थॅड मैदानावर कधी पडला नाही, चुकला नाही. मी छोट्या प्रशिक्षकाला, प्रुइटला, विचारलं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "काकू, त्याच्या जवळच्या कुणीतरी सांगितल्याशिवाय डॉक्टर असे एकदम मागे लागत नाहीत." थॅडला विचारलं, तर तो ताटातल्या मक्याच्या पावाचे तुकडे करत बसला. "मला काय माहीत, आई. सांगितलं असेल कुणीतरी."

जवळचं म्हणजे कोण? जुलैत सगळे जमलो होतो तेव्हा तुझ्या अंगणात पोरं खेळत होती. थॅडच्या हातातून चेंडू निसटून छातीवर आदळला, तेव्हा सगळे हसले. तू हसली नाहीस. खुर्चीतूनच ओरडलीस, "काय रे, दोन दोन दिसतात की काय तुला?"

मला तेव्हा ती थट्टा वाटली. आता पाल चुकचुकते.

मी तुझ्यावर आळ घेत नाही. मी फक्त विचारते आहे. थॅड बसला की कुणाचा फायदा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. लेमार्कसने चर्चबाहेर विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "घरचा भेदी." नाव घेतलं नाही. त्याने दुकानाच्या भिंतीवरून क्विलचा फोटो उतरवला, तो त्याच्या मर्जीने. मी सांगितलं नव्हतं.

हो की नाही, एवढंच लिही.

ओझेला


हार्पर्स बेंड
रविवार, ३० नोव्हेंबर

व्हर्डी,

तुझं उत्तर आलं नाही. आता कळतं, का आलं नाही. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

काल आपल्या पोरांच्या संघांच्या सामन्याला तू समोरच्या बाजूला बसली होतीस. मी पाहिलं तुला. तो हिरवा कोट. आपल्यामध्ये अख्खं मैदान होतं, आणि माझ्या भोवतीचे लोक तुझ्या मुलाला "चहाडखोर! चहाडखोर!" म्हणून ओरडत होते. मला वाटलं होतं, गावातली गोष्ट गावातच राहील. ती कशी, कुठून पसरली, मला माहीत नाही. नाही, माहीत आहे. न्हाव्याच्या दुकानातून निघाली, आणि दुकानात ती कुणी नेली हे तुलाही माहीत आहे.

थॅड कडेला उभा होता, अंगावर साधा स्वेटर. मी खेळ कमी आणि तुझ्या क्विललाच जास्त बघत होते. संशयाने बघत होते, खरं सांगते. वाटत होतं, हा एकदा तरी थॅडकडे बघून हसेल आणि मला पुरावा मिळेल. तो हसला नाही. नुसता पळत राहिला. आजवर टीव्हीवर मी त्याला पाहिलं होतं ते थॅडशी ताडून, याचं काय कमी आणि त्याचं काय जास्त. काल पहिल्यांदा नुसतं पाहिलं. काय पळतो गं तुझा मुलगा! दोघं कमरेला लोंबकळताहेत, एक पायात आहे, आणि हा चाललाच आहे.

उत्तरार्धात आमच्या पोरांनी त्याला थेट थॅडच्या पायाशी आणून आपटलं. वरून कुणीतरी पेल्यातला कोक फेकला, तो त्याच्या मानेवर सांडला. लोक हसले. मग थॅड पुढे झाला, हात देऊन त्याला उठवलं, आणि स्वेटरच्या बाहीने त्याची मान पुसायला लागला. हजारो लोकांसमोर! क्विल त्याच्या कानाशी काहीतरी बोलला, थॅडने मान हलवली.

तुम्ही जिंकलात. अभिनंदन म्हणायचं राहून गेलं होतं.

गाडीशी आलो तेव्हा मी थॅडला म्हटलं, "काय सांगत होता तो तुला?"

"म्हणाला, जा मागे. उगाच तमाशा होईल."

"आणि चहाडी करताना तमाशा नाही आठवला त्याला?"

थॅड गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, कुणी चहाडी केली नाही. मीच गेलो होतो डॉक्टरांकडे."

माझा विश्वास बसेना. वाटलं, क्विलने पढवलंय. म्हटलं, "कुणाला वाचवतोयस?"

"स्वतःला," तो म्हणाला. मग सगळं बोलला. एप्रिलच्या सरावात डोक्याला मार बसला होता. तेव्हापासून कडेने येणारा माणूस त्याला कधी दोन दिसायचा, कधी दिसायचाच नाही. कुणाला सांगितलं नाही. सप्टेंबरात एका सामन्यानंतर त्याला बसमध्ये कसं चढलो तेच आठवेना, तेव्हा त्याने क्विलला फोन केला. क्विल म्हणाला, "उद्या तू डॉक्टरांकडे गेला नाहीस, तर मी तिथे येऊन सांगेन. मग मला जन्मभर शिव्या घाल." थॅड गेला. डॉक्टरांना फोटोत डोक्यात साकळलेलं रक्त दिसलं. अजून एक जोराचा मार बसला असता, तर...

ते वाक्य मी लिहीत नाही.

"मग गाव क्विलला बोलत होतं तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"मी सांगणार होतो. तोच नको म्हणाला. म्हणाला, मला दर शनिवारी अकरा जण अंगावर घ्यायची सवय आहे, त्यात गावचे चार जास्त. तू आधी बरा हो. त्याने मावशीलाही गप्प बसायला लावलं."

म्हणजे तुला ठाऊक होतं. माझं ते पत्र तू सगळं ठाऊक असताना वाचलंस.

मी शेवटी विचारलं, "पण मला का नाही सांगितलंस रे? मी आई आहे ना तुझी?"

त्याने गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, "तू पहिलं वाक्य हेच म्हणाली असतीस, की आता क्विल पुढे जाईल."

व्हर्डी, मी त्याला खोटं पाडू शकले नाही.

आज चर्च सुटल्यावर मी लेमार्कसच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोसमोर सांगितलं, काय खरं ते. तो डोकं धरून बसला. क्विलचा फोटो त्याने परत लावला असेल, नसेल, ते मला माहीत नाही. तुझी माफी मी कागदावर मागणार नाही. कागदावर मी फार चलाख असते.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. दुसरीच गोष्ट आहे.

सकाळी मोठ्या प्रशिक्षकाचा फोन आला. आजवर ज्याने माझं नाव धड उच्चारलं नाही, तो "ओझेलाबाई, ओझेलाबाई" करत होता. म्हणाला, अटलांटात एक दुसरे डॉक्टर आहेत, फार मोठे, त्यांनी फोटो बघितले, वसंतापर्यंत थॅड पळायला लागेल म्हणतात. "पुढच्या वर्षी क्विलशी बरोबरी करायची त्याला पुन्हा संधी मिळेल," म्हणाला. त्याला बरोबर ठाऊक होतं, माझ्यासमोर कुठला तुकडा टाकायचा ते. त्या डॉक्टरांनी थॅडला एकदाही समोर बसवून तपासलेलं नाही. मग त्यांनी फोटोत काय पाहिलं? थॅडला बसवणारे संघाचे डॉक्टर त्या बोलण्यात का नव्हते? कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या संशयाने या वर्षी फार नुकसान केलं, हे मान्य. पण म्हणून हा संशय खोटा ठरत नाही.

थॅड शेजारी बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, "तुला काय वाटतं, आई?" आणि माझा चेहरा वाचत राहिला. मी हो म्हटलं असतं, तर तो गेला असता. मी उठून भांडी घासायला गेले.

गुरुवारी प्रशिक्षकाने आम्हाला भेटायला बोलावलंय. तू ये. माझ्यावरचा राग ठेवून ये, सोडून ये, कशीही ये. त्या गोड माणसासमोर तू माझ्या शेजारी बस. तो क्विलचं नाव काढेल तेव्हा माझा हात दाब, कारण ते नाव ऐकलं की माझ्या आत काय हलतं ते मला कालच कळलंय, आणि ते अजून मेलेलं नाही. सगळ्या गावावर संशय घेऊन झाला. आता एकटीच बाई उरली आहे जिच्यावर माझा विश्वास नाही, आणि गुरुवारी थॅडच्या वतीने तीच, म्हणजे मीच, बोलणार आहे.

तुझी, जर तू म्हणू देत असशील तर,
ओझेला