फळी सुटल्यावरची उडी

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

(लग्नात सगळ्या बायकांनी मिळून शिकवलं म्हणून वन्सं. तू रागावलीस की मला 'वहिनीसाहेब' म्हणतेस, तेव्हा फिट्टंफाट.)

इकडे सगळे बरे आहोत. तुझा दादा गुडघा सोडून बरा आहे. आईंचं बीपी ताब्यात आहे, आई नाहीत. तुझ्या फिजिओथेरपीच्या पेशंटांना जिना चढायला लागू नये म्हणून तू भांडून तळमजल्यावरची खोली मिळवलीस, हे आईंचं सोसायटीत सगळ्यांना सांगून झालंय. माझी लॅब आहे तशीच, दिवसाला दोनशे नळ्या रक्त आणि दुपारी डबा.

आता म्हणशील, हे तर फोनवर बोलतोच, मग पत्र कशाला? फोनवर आपण आईंच्या गोळ्यांपासून सुरू करतो आणि दादाच्या गुडघ्यापाशी थांबतो. किटलीचं नाव दोन वर्षांत आपण दोघींनी एकदाही काढलेलं नाही. मेसेज पाठवला तर तू अंगठा दाखवून मोकळी होशील. म्हणून कागद.

तर, किटली पूर्ण झाली! वीसच्या वीस कप्पे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून आपण दोघींनी सुरू केलेल्या खेळातली ती वेडी किटली आता फळीवरून फळीवर उड्या मारत, चहा गार व्हायच्या आत अगदी वरच्या कप्प्यातल्या कपापर्यंत पोचते आणि नाक वाकवून चहा ओतते. पहिल्यांदा ओतला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. तुझा दादा बाहेरून ओरडला, "काय झालं? गॅस आला का?"

मधे काय काय झालं ते तुला सांगायला कोणी नव्हतं, म्हणून आता ऐक. एक महिना किटली तिसऱ्या फळीतून आरपार जायची आणि खाली पडतच राहायची. पडता पडता गुण मात्र वाढत जायचे. दादा म्हणाला, "हाच खेळ ठेवा, हा मला जमतो." मग वाफ खाली जायला लागली आणि चहा वर. ते दुरुस्त केलं तर आवाज गेला. तीन रविवार शोधलं, शेवटी कळलं की मीच एका जागी शून्य लिहून विसरले होते. मी! जी दुसऱ्यांच्या रिपोर्टातलं एक टिंब चुकू देत नाही.

दादाने विचारलं, "कोणी सांगितलंय तुला हे?" कोणी नाही, तेच तर. लॅबमध्ये जो आकडा येतो तो मान खाली घालून लिहायचा. घरी आले की गुरुत्वाकर्षण किती असावं हे मी ठरवते. किटली किती उंच उडेल, कुठे घसरेल, झाकण किती वेळ खडखडेल, सगळं माझ्या हातात. आणि ज्या दिवशी ते जमतं, त्या दिवशी मी बसस्टॉपवर उभी राहून एकटीच हसते. लोक सरकून उभे राहतात.

पण एक गोष्ट जमेना. खेळ सगळा बरोबर होता, तरी खेळणारे दहा मिनिटांत उठायचे. आमच्या हॉस्पिटलची रिसेप्शनिस्ट म्हणाली, "छान आहे हो मॅडम, पण किटली जरा रागावलेली वाटते." मी किटलीचा रंग बदलला. तिला डोळे दिले. फळ्या रुंद केल्या. राग काही जाईना.

गेल्या रविवारी सकाळी झाकणाचा जुना आवाज हवा होता, म्हणून मी खेळाची आपली जुनी प्रत उघडली, तू असतानाची. आई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "ही आपली पहिली किटली ना? दे बरं." आणि वन्सं, आई सरळ सहा कप्पे चढून गेल्या. एका दमात. मी शेजारी बसून त्यांचा अंगठा बघत होते. प्रत्येक वेळी त्या किटली फळी सोडून गेल्यानंतर बटण दाबत होत्या. तरीही ती उडत होती.

त्या तुझ्या प्रोग्राममधल्या सहा ओळी. पायाखालची फळी सुटली तरी सेकंदाचा दहावा भाग उडी चालू ठेवायची. मी म्हटलं होतं, फळीवर पाय नाही तर उडी नाही, तुझं हे चूक आहे. तू म्हणालीस, "वहिनी, मी दिवसभर लोकांचे हात हलवते. बोटं डोळ्यांच्या मागून येतात." त्यावर मी जे बोलले ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं, पण लिहायचं म्हणजे लिहायचं: "तुमच्या घरात सगळ्यांना सगळंच उशिरा चालतं." तू हसलीस, चपला घातल्यास आणि तुझ्या भाड्याच्या खोलीवर गेलीस. महिन्याभरात त्या गावची नोकरी घेतलीस.

ओळी मी दुसऱ्याच दिवशी काढल्या. त्यांच्या डोक्यावर तू लिहून ठेवलं होतंस, 'काढू नकोस, माणसं उशिरा उडी मारतात.' ते वाचलं होतं मी. वाचूनही ओळी काढल्या.

आता जे लिहायला बसले होते ते.

ओळी काढल्यानंतर आई खेळायला बसल्या आणि पहिल्याच फळीवरून पडल्या. पुन्हा पडल्या. आठवडाभर पडत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझे हात गेले गं आता." त्यांनी तुला फोन केला, तू मऊ चेंडू दाबायचा व्यायाम सांगितलास. दोन वर्षं त्या रोज सकाळी खिडकीत बसून शंभर वेळा चेंडू दाबतात. मला तेव्हाच शंका आली होती. आमच्या लॅबमध्ये शंका आली की नमुना पुन्हा तपासायचा, हा पहिला नियम. मी तपासला नाही. तपासला असता तर तुझं बरोबर निघालं असतं.

गुरुवारी मी आईंना सांगितलं. म्हटलं, "आई, तुमचे हात ठीक होते. मी किटलीची उडी बदलली होती."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे मी दोन वर्षं चेंडू दाबत बसले ते उगीच?"

"हो."

"आणि तू समोर बसून चहा पीत होतीस?"

"हो."

चष्मा पदराने पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "लाव तो खेळ. मी वरपर्यंत पोचेस्तोवर जागेवरून उठायचं नाही. आणि 'असं दाबा, तसं दाबा' केलंस तर बघ."

अडीच तास बसले. विसाव्या कप्प्यात किटलीने चहा ओतला तेव्हा आईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. त्यात शाबासकी किती आणि शिक्षा किती, मला सांगता येणार नाही. बाहेर जाऊन दादाला म्हणाल्या, "जमलं रे मला!" दादाने जेवण ऑर्डर केलं.

तुझ्या सहा ओळी मी गुरुवारच्या आधीच होत्या तिथे परत घातल्यात, वरच्या वाक्यासकट. किटलीचा राग गेलाय. रिसेप्शनिस्ट आता डबा खायचा सोडून खेळते. खेळ इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवायचा विचार आहे, पण तुझ्याशिवाय ठेवणार नाही. तू परत ये, वन्सं. नोकरी सोडून नव्हे, टेबलापाशी. पुढचा खेळ मला एकटीने करायचा नाहीये.

'कळावे' लिहायची पद्धत आहे. दोन वर्षांनी कळवणाऱ्या बाईने ते कुठल्या तोंडाने लिहावं?

तुझी चुकलेली,
वहिनी


बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

(साहेब नाही. बघ.)

दोन पेशंटांच्या मधे लिहितेय, अक्षर सोसून घे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा हसून, एकदा रडून, आणि एकदा स्वतःची लाज वाटून. तिसऱ्याचं कारण सांगते.

मला माहीत होतं. तू ओळी काढल्यास त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "अगं, किटली उडतच नाही वेळेवर." ऐकताक्षणी समजलं, माझ्या ओळी गेल्या. तेव्हाच म्हणता आलं असतं, "आई, तुझे हात चांगले आहेत, वहिनीला विचार." त्याऐवजी मी तिला चेंडू घ्यायला सांगितला. आजवर एकाही पेशंटला मी नको असलेला व्यायाम दिलेला नाही. आईला दिला, दोन वर्षं. का, तर आधी तू बोलायला हवं होतंस.

तू पत्रात सगळं स्वतःवर घेतलंस. ते मला इतकं सोयीचं होतं की पूर्ण एक दिवस मी ते तसंच राहू दिलं.

आता भांडण. किटलीला डोळे दिलेस? डोळे? वहिनी, किटलीला नाक आहे तेवढं पुरे. डोळे काढायचे. आणि रुंद केलेल्या फळ्या परत अरुंद कर, आता उडी जमते तर पडण्यात मजा हवी. आणि वाफ खाली जाणारा तो कप्पा फेकलायस की ठेवलायस? तो मला हवाय, त्यातून पुढचा खेळ निघेल. काल बसमध्ये त्याचाच विचार करत दोन स्टॉप पुढे गेले.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. तोवर इंटरनेटवर काही चढवू नकोस. आल्या आल्या आधी आईसमोर बसून माझं सांगणार आहे. तू स्वयंपाकघरात थांब, आणि आवाज चढला तरी मला सोडवायला बाहेर येऊ नकोस. तिचं बोलून झालं की लॅपटॉप घेऊन ये.

तुझ्याइतकीच चुकलेली,
नणंद