अवघड कादंबरी आणि दारासमोरची खुर्ची

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (वाकायचं मी, तू गुडघा सांभाळ.) इकडे सगळं ठीक.

आमच्या ग्रंथालयात वाचकमंडळ निघालं आहे. मी तिथली बाइंडर, म्हणजे पुस्तकं शिवायची, वाचायची नाहीत. पण सभासद कमी पडले म्हणून ग्रंथपालबाईंनी मलाही धरून बसवलं. पहिलीच कादंबरी अशी की भल्याभल्यांना घाम फुटावा: एका आदिवासी घरातल्या आजी, आई आणि नात. आजीला लहानपणी घरातून उचलून परक्यांच्या वसतिशाळेत टाकलेलं. ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आई कारण नसताना हात उगारते आणि नात विचारून विचारून थकते. प्रत एकच, तीही खिळखिळी, म्हणून मीच ती उसवून नव्याने शिवली आणि मग ती आळीपाळीने सगळ्यांकडे फिरली. मला पहिली पन्नास पानं ओ की ठो कळेना. (कोण कोणाची कोण, हे कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं, नवऱ्याला वाटलं, लग्नाची यादी.)

मंडळात मात्र वाहवा! आधी नातीचं दुखणं, मग आईचा राग आणि आजीची शाळा अगदी शेवटी, या मांडणीवर निवृत्त मास्तर पाऊण तास बोलले. पानांचे आकडे मागेपुढे उड्या मारतात, तेही त्यांना लेखिकेचं धाडस वाटलं. मी आपली मान डोलावत होते.

पण एका जागी मी अडकले. त्या घरातली कुठलीच बाई दाराकडे पाठ करून बसत नाही. शाळेत आजीला मागून येऊन उचलत. नातीला ते ठाऊकही नाही, तरी ती खुर्ची फिरवून घेते. मला आधी हसूच आलं, कारण आमची आईही कुणाकडे गेली की पहिल्यांदा खुर्च्या हलवायची. मग लक्षात आलं, मी स्वतः भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून वाचत होते. आणि जेवताना दाराकडे तोंड असलेल्या त्याच जागेसाठी लेक रोज माझ्याशी भांडते. हसू गेलं ते गेलंच. त्या बायकांचं दुःख माझं म्हणून मला मिरवायचं नाही. ते त्यांचं, आणि फार मोठं. पण आपल्याकडे काय झालं होतं, ते मला कळायला हवं.

गुडघा शेकत जा.

तुझी भाची

ता. क. काल त्या कादंबरीची दुसरी, धड प्रत आली. पानांच्या घड्या मी उलट्या क्रमाने शिवल्या होत्या. आजीची शाळा पहिल्याच पानावर आहे. मास्तरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

ता. ता. क. पत्र खरं यासाठी: आईला लहानपणी काय झालं होतं? ती गेली, आता विचारायला तू एकटीच आहेस. 'काही नाही गं' एवढंच लिहू नकोस. परवा लेकीने विचारलं, आजी कशाला घाबरायची? तर मी तिच्यावर हात उगारला. तेव्हापासून ती मला काहीच विचारत नाही.